रिकामी पिशवी

मेहकरच्या वाचनालयात बसून मी तेव्हा इंटरनेटवरच्या, कुणालाही लिहिता येणाऱ्या ज्ञानकोशातल्या लेखांना आमच्या कपाटांतली जुनी पुस्तकं संदर्भ म्हणून जोडत असे. देशी कापसाच्या लेखाखाली एका पुस्तकाचं नाव देऊन मी लिहिलं होतं, 'मेहकरच्या वाचनालयात उपलब्ध.'

एका दुपारी एक म्हातारा आला. बगलेत रिकामी पिशवी, नीट घडी घातलेली.

"भाऊ, पेरायले देशी सरकी इथंच भेटते ना? सुनेनं मोबाइलवर वाचलं. गावात तं सारं बीटीच हाय."

सरकी नाही, पुस्तक आहे, असं सांगून मी ते उघडून दिलं. बोंडाच्या चित्रावर त्यानं अंगठा फिरवला, मग अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळत राहिला, कापसाचा धागा पारखतात तसा. मी लेखही वाचून दाखवला. 'या भागात देशी कापूस पेरतात' या वाक्याशी त्यानं मला थांबवलं.

"पेरतात काऊन? पेरत होते, असं लिहा ना. नाईतं अजून कोनी पिशवी घेऊन येईन."

तो गेल्यावर मी तसं लिहिलं. आठवड्याभरात कुणीतरी 'पेरत होते'पुढे शेरा मारला: संदर्भ हवा.