पूर्ण आणि वेळेवर

अर्थखात्याच्या तिसऱ्या मजल्यावर, झेरॉक्सच्या मशीनला खेटून, एका मुद्रितशोधकाचं टेबल होतं. या माणसाला सगळे कात्री म्हणत. खात्यातून बाहेर पडणारा प्रत्येक कागद या टेबलावरून जाई आणि जाताना थोडा बारीक होऊन जाई. 'परत पुनर्विचार', 'अंदाजे सुमारे' असलं काही दिसलं की याच्या अंगावर पाल पडल्यासारखं होई. सव्वीस वर्षं हेच केलं. लग्न राहून गेलं. थोरली बहीण म्हणायची, "लग्नाचं बोलायला गेला आणि पोरीच्या बापाचं बोलणं सुधारून आला. कोण देणार याला पोरगी?"

त्या गुरुवारी सरकारी कर्जाचं निवेदन टेबलावर आलं. परदेशातल्या सावकारांचा मोठा हप्ता दोन महिन्यांवर होता. तिजोरीत खडखडाट आहे अशी कुजबुज सगळीकडे चालू होती, म्हणून खातं दर महिन्याला त्याच चार ओळी काढून लोकांना धीर देई. शेवटची ओळ ठरलेली: 'देशाचे कर्ज पूर्ण आणि वेळेवर फेडले जाईल.'

हा 'पूर्ण' त्याला तीन महिने दातात अडकल्यासारखा सलत होता. फेडणं म्हणजे पूर्णच की! अर्धं दिलं तर त्याला कोण फेडलं म्हणतं? मोठ्या साहेबांचा मजकूर म्हणून तीनदा त्याने हात आवरला होता. या खेपेला साहेब बाहेरगावी, कागदाची घाई, आणि शेवटचा हात याचाच. त्याने लाल पेनाने शब्द उडवला. पुढचा 'आणि'ही उडवला. खरं सांगायचं तर त्याला फार बरं वाटलं. मागवून चहा प्याला.

शुक्रवारी सकाळी उपसचिव बाई स्वतः जिना चढून आल्या. एरवी त्या शिपायाला धाडत.

"'पूर्ण' कुठे गेला?"

"मी काढला, बाई. जास्तीचा होता."

बाई शेजारच्या कागदांच्या गठ्ठ्यावर मटकन बसल्या. "अहो, हे निवेदन भाषेच्या मास्तरासाठी असतं का? जगभर शेकडो माणसं पगार घेऊन बसलीत, गेल्या महिन्याचा कागद या महिन्याच्या कागदाशेजारी ठेवून बघायला. शब्द गेला म्हणजे पैसे गेले, असं वाचतात ती. वेळेवर देतील, पण कापून देतील! काल रात्रीपासून आपले कर्जरोखे विकत सुटलेत. शंभराचा कागद सत्तरला कोणी हातात धरेना. आपल्या रोख्यांत झालेला तोटा भरून काढायला शेजारच्या देशांचेही विकले. ते बिचारे विचारतायत, आमचं काय चुकलं?"

"मग शब्द परत घालू या."

"आठ वाजताच घातला. तर म्हणतात, काल विसरले आणि आज आठवलं, म्हणजे नक्की पाणी मुरतंय. भाव आणखी पडले."

तो उठून उभा राहिला. "माझं नाव जाहीर करा. सांगा, याने केलं."

"एका माणसाला शब्द खटकला म्हणून? कोण विश्वास ठेवील? गप्प राहा. आणि हे बघा, तिजोरी काही तुम्ही रिकामी केली नाहीत. ती होतीच तशी."

या शेवटच्या वाक्यावर त्याने तीन आठवडे काढले. सकाळी ते खरं वाटे. दुपारपर्यंत त्यातली हवा जाई.

मग रविवारी तो बहिणीकडे जेवायला गेला. घराला लागूनच भाऊजींचा कारखाना. कारखाना म्हणजे दोन खोल्या, चार यंत्रं, सहा माणसं. परदेशातून जाड्या कच्च्या काचा यायच्या, त्या घासून इथे चष्म्याची नंबराची भिंगं बनवत. एरवी पांढऱ्या गाळाने लादी ओली असे, चप्पल सांभाळून टाकावी लागे. आज लादी कोरडी ठाक होती आणि यंत्रांवर जुन्या चादरी होत्या.

"गेल्या सोमवारपासून बंद," भाऊजी ताटावर बसता बसता म्हणाले. "काचवाला म्हणतो, तुमच्या देशातल्या बँकेची हमीची चिठ्ठी आता चालत नाही, आधी रोख टाका. पूर्वी माल घेऊन तीन महिन्यांनी पैसे द्यायचो. आणि आपला पैसा एवढा पडलाय की तीच पेटी दीडपट झाली. सहाही जणांना घरी पाठवलं. काच तपासणाऱ्या काकू अकरा वर्षं होत्या. जाताना मलाच म्हणाल्या, जपा. मेलं हे सरकार!"

त्याने हातातला घास ताटात परत ठेवला. "भाऊजी, ते सरकारने नाही केलं. मी केलं." आणि त्याने सगळं सांगितलं, पेनाच्या रंगासकट.

 भाऊजी असे हसले की त्यांना ठसका लागला. "तू? अरे, तुला रिक्षावाल्याकडून सुटे मागता येत नाहीत आणि तू जगाचा बाजार पाडलास? ऐकलंस का गं, तुझा भाऊ फार मोठा माणूस झाला!" त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "दमलायस तू. रजा घे चार दिवस."

ताई हसली नव्हती. भाऊजी जेवण आटोपून हात धुवायला उठले तशी ती त्याच्या जवळ सरकली.

"खरं आहे ना?"

"हो."

"लहानपणी माझ्या पत्रांतलेही शब्द खोडायचास." ती ताटाकडेच बघत होती. "पण त्यांना पुन्हा सांगू नकोस. पटवून तर मुळीच देऊ नकोस."

"ताई, मला लपवायचं नाही. त्यांनी मला चार शिव्या दिल्या तरी—"

"तुला बरं वाटेल. त्यांचं काय? रोज सरकारला मनसोक्त शिव्या घालतात, तेवढाच त्यांचा विरंगुळा आहे. तुला घालाव्या लागल्या तर हे घर कसं चालेल? माझा भाऊ कुठे जेवेल?"

भाऊजी हात पुसत आले. मेव्हणा जेवतच नाही असं बघून स्वतःच वाढायला लागले. "खा रे, लाजू नकोस. काच नसली तरी जेवणाला तोटा नाही अजून."

तो "पुरे" म्हणाला नाही. मान खाली घालून त्याने वाढलेलं सगळं खाल्लं.