मालावरचा हात

मी, शेख महेबूब, वय पंच्याहत्तर, शिक्षण इयत्ता चौथी, निवृत्त शिंपी, राहणार लातूर, आपणा सर्वांस कळवितो की आज मॉलमधील गिऱ्हाइकाने आपले आपण बिल करावयाचे यंत्र मी स्वतः चालविले.

चिरंजीव सलीमने बजावले होते, "अब्बा, जमलं न्हाई तर पुढं बाजार मीच करणार."

साखरेची पिशवी ठेवताच यंत्र अडले: "वजन जुळत नाही." मागे क्लासच्या मुलांची रांग होती. पत्नी म्हणाली, "चला काउंटरला, पोरं हसून राहिली."

मी हललो नाही. तेवढ्यात ध्यानात आले, बिल होईपर्यंत मालावर हात ठेवण्याची माझी जुनी सवय आहे! हात उचलला, वजन जुळले. पैसे भरले, पावती निघाली. मुलांनी टाळ्या वाजविल्या.

बाजार यापुढेही मीच करीन. आपणांपैकी कोणास यंत्राने असे अडविले काय?

समक्ष हजर: पत्नी जैतूनबी, रांगेतील मुले आणि फोनवर सलीम, ज्याने पुढच्या बाजाराची यादी मलाच धाडली आहे.