गोकुळाबाईंचा वाटा

लेक रोशनी नागपूरला शिकायला गेली आणि माझी झोप उडाली. रात्री नुसतं जागून काय करायचं, म्हणून लिहायला लागले. काय लिहायचं तेही तिनंच सुचवलं. २००१ साली एकदा शेजाऱ्यांकडे तिचा फोन आला, "आई, आजोबांच्या आजोबांचं नाव काय?" वसतिगृहात मैत्रिणींची पैज लागली होती.

मी सासऱ्यांना विचारलं. पत्रूमामाजी म्हणाले, "सारे म्हातारा म्हनत त्याले." केवळरामांची, म्हणजे माझ्या यजमानांची, तेवढीही मदत झाली नाही. मला धडकीच भरली. उद्या रोशनीच्या नातवंडांसाठी आम्हीही नुसते म्हातारा-म्हातारी.

शेवटी गोकुळाबाईंकडे गेले. या मामाजींच्या थोरल्या बहीण. आमच्याच अंगणाच्या पलीकडे एकट्या राहत. मासे धरायचं जाळं विणता विणता मान वर न करता म्हणाल्या, "कोलू. त्याच्या हातून मरळ सुटे नाई." मग कोलूचा बाप, भाऊ, भावांचे साडू, सगळे धडाधड बाहेर पडले. मी इतिहास घेऊन बी.ए. झालेली, पण सन एकही हाती लागेना. बाईंचा सगळा हिशेब दिवाळीनंतरच्या मंडईवरून, म्हणजे गावच्या जत्रेवरून. "केवळराम झाला त्या साली मंडईच्या नाटकात राजाचं धोतर सुटलं."

मी वही उघडली तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "मले कुठी लिवशील?"

त्यांना चिमूरकडे दिलं होतं. वर्षभरात त्या परत आल्या. का, असं कोणी विचारलं तर "तिथी तलाव नव्हता" एवढंच सांगत. सासरच्यांनी दुसरी सून आणली. माहेरच्या वंशावळीत लेकी लिहीत नाहीत. साऱ्यांची नावं पाठ असलेली बाई कोणत्याच घरात बसेना.

"राहू दे," त्या म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवसापासून सांगणं बिघडलं. मामाजींशी भांडण झालं की म्हणत, "पत्रूले काट." संध्याकाळी मामाजींनी झिंगे आणून दिले की, "लिव परत. पेन्सिलनं लिव." पत्रूमामाजी एका महिन्यात तीनदा वंशातून गेले आणि तीनदा आले.

उन्हाळ्यात तलाव आटला. गावातल्या आम्ही सगळ्या ढिवरांनी मिळून मासे काढले आणि पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, वाटे मांडले. वाटे मांडायला नेहमीसारखे गावातले देवानंदभाऊ. मामाजी त्यांना म्हणाले, "बाईचा अन् माहा एकातच टाक. एकाच घरचे हावो."

गोकुळाबाई पदर खोचून पुढं आल्या. "देवानंद, वाटा घरामागं पडते का चुलीमागं?"

"चुलीमागं, बाई. पह्यलेपासून."

"अन् माही चूल कोनाची?"

"तुमचीच. दुसऱ्या कोनाची हिंमत हाय का?"

पाळीवरचे सगळे हसले. देवानंदभाऊंनी वाटा वेगळा केला, वर एक मरळ जास्त ठेवली. बाई माझ्याकडे वळल्या. "ऐकलं ना, सूनबाई? मंग लिव."

मी लिहिलं. मामाजींच्या ओळीत, त्यांच्या आधी: गोकुळा, स्वतंत्र चूल. खाली लिहिलं, केवळराम. त्यांची आई गेली तेव्हा ते रांगत होते. त्याच चुलीवर वाढले.

मामाजींना वाचून दाखवलं. ते तडकले. "पोट्टा माहा, अन् लिवला बाईच्या खाली?"

"जेवला कुठी?" पलीकडून आवाज आला.

मामाजींनी माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली. "माह्याकडंबी लिव मंग," ते म्हणाले. "पेनानं लिव."

दिवाळीत रोशनी घरी आली. वही चाळून म्हणाली, "आई, चुकलीस. बाबा दोनदा आलेत."

"चुकले नाही," मी म्हटलं. "दोन चुलींचं जेवलेत."

गोकुळाबाईंनी जाळ्यातून मान वर काढली. "पोट्टीले सांग, अजून जागा हाय. तिलेबी माह्या खाली लिव."