परवान्यावरचं आडनाव

मी मुळातच भित्री. दुकानात गिऱ्हाइकानं फाटकी नोट दिली तरी मला वाटतं, आता काहीतरी लचांड मागं लागणार. अशा बाईच्या नशिबी फिनलंडचा जावई यावा आणि त्याला मासे धरायचा नाद असावा, याला काय म्हणायचं!

त्यात आमचं घर लिंगायत. मासा खाणं तर सोडाच, त्याचं नावसुद्धा आमच्या स्वयंपाकघरात कुणी काढत नाही. जावयाचं म्हणणं असं, की मी मासा धरतो, बघतो आणि परत पाण्यात सोडतो. शेजारीण म्हणाली, "मंग धरायचाच कशाला?" याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. आमचे हे मात्र मोकळे झाले. "सोडून देतोय ना? मग जाऊ दे की," म्हणाले आणि दुकानात जाऊन बसले. भ्यायचं काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे आलं.

माझी भीती वेगळीच होती. मुलीला पाचवा महिना होता. बाळंतपण माहेरी करायचं तिच्या फार मनात होतं, पण नवरा जवळ असेल तरच राहीन, असं तिनं स्वच्छ सांगितलं होतं. त्याचा व्हिसा वाढवून मिळावा म्हणून अर्ज केलेला होता आणि उत्तर यायचं होतं. अशात त्याचं नाव पोलिसांच्या कागदावर चढलं तर? त्याला परत धाडतील, त्याच्या मागोमाग पोरगी जाईल, आणि नातवंडाचं तोंड मी मोबाइलवर बघत बसेन. या विचारानं माझी झोप उडाली होती.

आमच्या झरी गावात मासे धरायला परवाना लागतो हेच कुणाला ठाऊक नव्हतं. पण जावई पडला शिस्तीचा. कागद हातात आल्याशिवाय तो गळाला हात लावेना. गावच्या तलावाचा ठेका ज्या संस्थेकडे होता, तिची कचेरी परभणीत. मुलगी लॅपटॉपवर तिच्या ऑफिसच्या कामात अडकलेली, म्हणून त्याला घेऊन मीच गेले. रिक्षातून उतरायच्या आत त्याच्याभोवती सेल्फीवाले जमले. त्याला आतच बसवलं आणि मी एकटी कचेरीत शिरले.

कारकुनाच्या कानाला मोबाइल होता. "नाव?" मी सांगितलं. त्यानं ऐकू आलं तसं लिहिलं. "आडनाव?" आता ते आडनाव म्हणजे माझ्या जिभेला कधी न पेललेलं प्रकरण. त्यालाच बोलवावं म्हणून मी म्हटलं, "परदेशी आहे हो तो. बाहेर बसलाय, बोलावते." "बोलवायची गरज न्हाई. तुमचं आधार दाखवा." मी दाखवलं. शिक्का बसला. सुटले एकदाची, म्हणून मी कागद न वाचताच पर्समध्ये कोंबला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तलावावर गेलो. जावई काठावर गळ टाकून बसला, मी बांधावर छत्री धरून. कुणी विचारलं तर कागद हाताशी असावा म्हणून तो काढला, चष्मा लावला आणि वाचला. आडनाव: परदेशी. राहणार झरी, तालुका जिल्हा परभणी.

मी परत वाचलं. तेच. आमच्याकडे परदेशी आडनावाची घरं कितीतरी. कारकुनानं त्यांच्यातलाच एक समजून लिहून टाकलं होतं. पासपोर्टवर एक नाव, परवान्यावर दुसरं, आणि वर गावही खोटं! सरकार याला चूक म्हणेल की लबाडी? मी जावयाला हातवारे करून सांगायला लागले, चल, ऊठ, घरी चल. त्यानं ओठांवर बोट ठेवलं. त्याला वाटलं, मी मासे बिथरवतेय.

तेवढ्यात बांधावर मोटारसायकल थांबली. खाकी कपडे बघितले आणि मी उठून उभी राहिले. कुणीतरी फोन केला होता म्हणे, एक अनोळखी गोरा माणूस तलाव मोजायलाय.

"कोण हायत हे? काय करायलेत इथं?" पोलिसानं विचारलं.

"जावई हायत आमचे. मासे धरायलेत. परवाना हाय."

त्यानं कागद वाचला. मग जावयाच्या तांबड्या दाढीकडं बघितलं. परत कागदाकडं.

"मावशी, हे परदेशी व्हय?"

हो म्हणावं तर खरंच होतं आणि खोटंही.  डोळ्यांपुढं विमानतळावर पोट सांभाळत निघालेली माझी पोरगी दिसायला लागली. मी छत्रीच मिटायला लागले, तसा तो जावयाकडं वळला. "नाव काय तुमचं?"

जावयानं गळ खाली ठेवला. उठून नमस्कार केला, छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "मी परदेशी." मग माझ्याकडं हात करून, "आईचा परदेशी."

पोलीस एकदा त्याच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत राहिला, आणि मग खो खो हसत सुटला. "कागदावर तेच, तोंडात बी तेच! आता आमी काय म्हणावं?" कागद परत देताना मात्र आवाज खाली आणून म्हणाला, "मावशी, उद्याच जाऊन हे दुरुस्त करून आणा. फुडचा माणूस हसंलच असं न्हाई."

पोलीस गेला. जावई शेजारी येऊन बसला, त्यानं मला पाणी दिलं. आल्या दिवसापासून गल्लीतली माणसं त्याला तेवढंच म्हणत होती: परदेशी आले का, परदेशी जेवले का. बहिणीला फोनवर सांगताना मीसुद्धा म्हणायची, आमचा परदेशी लय गुणाचा हाय.

"आई," तो एकेक शब्द जुळवत म्हणाला, "परदेशी म्हणजे मुलीचा नवरा. बरोबर?"

खरा अर्थ माझ्या ओठांवर आला होता. मला एकदम रडू फुटलं.

"बरोबर," मी म्हटलं.