मिशनवाल्या आत्याचं माहेर

माझी मिशनवाली आत्या कुणी भेटलं की आधी त्याच्या कानाच्या पाळीकडं बघायची. मग भुवयांकडं. मग दोन्ही हातांनी त्याची कोपरं धरून 'बरं हाय न्हवं?' असं विचारायची, आणि विचारता विचारता तिची बोटं कोपराच्या मागं काहीतरी चाचपत असायची. गावातल्या बायकांना वाटायचं, मिशनमध्ये रामराम असाच घालत असतील. म्हाताऱ्या तर मुद्दाम कोपर पुढं करून हसायच्या. मला मात्र त्या बोटांचा अर्थ बाराव्या वर्षीच कळला होता. मी विचारलं आणि तिनं सांगून टाकलं. खोटं बोलायला तिला यायचंच नाही. "कोपराच्या मागं एक शीर असती बघ. महारोग असला की ती दोरीगत जाड लागती. तिकडं रोज तेच करते, ती सवय हितं आल्यावर जाती व्हय?"

ती वऱ्हाडात कुठल्याशा मिशनच्या दवाखान्यात नर्स आहे, एवढंच गावाला माहीत होतं. तो दवाखाना महारोग्यांचा आहे, हे फक्त माझ्या वडिलांना, म्हणजे आबांना ठाऊक होतं, आणि आता मला. आबांनी मला गोठ्यात नेऊन दम भरला, "ह्यातला एक शबुद भाईर गेला तर तिचं पाय पुन्हा गावाला लागायचं न्हाईत." मी जन्माची भित्री. कितीतरी दिवस झोपेत बडबडायची सवय लागेल की काय, या भीतीनं मी तोंडावर पदर घेऊन झोपत असे.

आत्याचं लग्न नवव्या वर्षी झालं आणि अकराव्या वर्षी कपाळ पुसलं गेलं. पुढं ती फार आजारी पडली तेव्हा आबांनी तिला गाडीत घालून मिशनच्या दवाखान्यात पोचवली. बरी झाली ती तिथंच राहिली, शिकली, आणि बाप्तिस्मा घेऊन बसली. गावानं आबांना वाळीत टाकलं. गावजेवण घातल्यावर परत पंक्तीला घेतलं, आणि बरीच वर्षं गेल्यावर पंचांनी आत्याला उन्हाळ्यात महिनाभर यायची मुभा दिली. अट एकच होती, येशूचं पुस्तक काढायचं नाही आणि त्याचं गाणं म्हणायचं नाही. ती अट तिनं कधी मोडली नाही. तिचं ताट-तांब्या वेगळा असे, आणि ती सोप्यावरून उठली की आई तिथं शेणानं सारवून घेई. आत्याला त्याचा राग नव्हता. "वयनी, तुमची कंबर धरंल, आणा हिकडं," म्हणायची आणि आपण बसलेली जागा आपणच सारवून टाकायची. मला ते बघवायचं नाही.

पण आनंद म्हणाल तर त्या महिन्याइतका तिला कशाचाच नव्हता. संक्रांत झाली की तिची पत्रं सुरू व्हायची, नदीला पाणी किती आहे, वाळवंटात कलिंगडं लावली का, लिंबाखालची बाज विणून घेतली का. भिलवडी स्टेशनवर उतरली की ती बूट काढून हातात घेई आणि पलूसकडच्या आमच्या गावापर्यंत तापलेल्या फुफाट्यातनं अनवाणी चालत येई. आबा गाडीतनं ओरडायचे, "अगं, पाय भाजत्याल." ती म्हणायची, "भाजू देत दादा. चटका कळतोय ह्यात लय सुख हाय." आबांना ते वेड वाटे. मला त्यातलं कळायचं, तिच्या रोग्यांना चटका कळतच नसे.

मी ज्या उन्हाळ्याबद्दल सांगते आहे, त्या वेळी लढाई चालू होती आणि गावातली निम्मी तरणी पोरं पलटणीत होती. मला पंधरावं लागलं होतं. पाटणकडच्या एका शिपायाशी माझं जमलं होतं. तो रजेवर आला की लग्न. त्याच हंगामात आमच्या गुऱ्हाळावर उकळत्या काकवीचा शिंतोडा माझ्या डाव्या दंडावर उडाला. बाजूची बाई किंचाळली. मी किंचाळले नाही, कारण मला काही लागलंच नव्हतं. तिथं रुपयाएवढा एक फिका चट्टा बरेच दिवस होता. उन्हानं पडला असेल म्हणून मी सोडून दिलेला. त्यावर टरारून फोड आला, आणि मी त्याकडं दुसऱ्याच कुणाचा हात असल्यासारखी बघत राहिले. मग एकदम समजलं. हा महारोग होता. त्या दिवसापासून मी कोपरापर्यंत बाह्यांची चोळी घालू लागले आणि दर वर्षी जिची वाट बघायची, ती आत्या या वर्षी येऊ नये म्हणून देवाला हात जोडू लागले.

ती आलीच. मी दोन्ही हातांत पाण्याच्या कळशा घेऊन दारात उभी राहिले, म्हणजे कोपर धरायला सापडू नये. दुसऱ्या दिवशी परात घेतली, तिसऱ्या दिवशी बहिणीला कडेवर घेतलं. चौथ्या दिवशी आत्या म्हणाली, "हौसे, धुण्याला चल माझ्यासंगं नदीला." भर दुपारची वेळ, नदीवर चिटपाखरू नव्हतं. तिनं धुणं तसंच ठेवलं, माझी बाही वर सारली, कनवटीचं कोंबडीचं पीस काढलं आणि म्हणाली, "डोळं मीट. पीस जिथं लागंल तिथं बोट ठीव."

मी डोळे मिटले. दंडाला दोनदा पीस लागलं ते कळलं, तिथं बोट ठेवलं. मग काही कळेना. पण ती थोड्या थोड्या वेळानं पीस लावते, एवढं ध्यानात आलं होतं. मनातल्या मनात चार आकडे मोजले आणि अंदाजानं चट्ट्यावर बोट टेकवलं, "हितं."

आत्यानं पीस परत कनवटीला खोचलं. मग म्हणाली, "आत्ता मी पीस लावलंच नव्हतं, बाळा."

मी तिच्या पायांवर पडले. कुणाला सांगितलंस तर डोहात उडी टाकीन म्हणाले. तिनं मला रडू दिलं. मग नदीकडं बघत, रोग्याशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, "मरायचं काय कारण न्हाई. कडू कवठीच्या तेलाच्या सुया घ्याव्या लागतील, दर आठवड्याला. दोन वर्सं, न्हाईतर तीन. आत्ता लगीन केलंस तर सासरी कवातरी कळणारच. तुला सोडतील. आन तुझ्या मागच्या दोघीस्नी मग कोण करून घेणार?" मागच्या दोघी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणी. त्यांचा विचार माझ्या मनात तोवर आलाच नव्हता. मी आपल्याच भीतीत होते.

संध्याकाळी गोठ्यात तिनं आबांना सांगितलं. मी दाव्याला धरून उभी होते. आबा मटकन खाली बसले. मग म्हणाले, "पोर कुठं गेली म्हणून सांगायचं?"

"मिशनवालीनं फूस लावून नेली म्हणायचं. तेवढं लोक इसरत्यात. हे इसरणार न्हाईत."

"तुला खोटं बोलाय येत न्हाई."

"खोटं कुठं? नेणार तर मीच हाय."

आबा म्हणाले, "आन मग तू कवा येणार?"

आत्यानं गाईच्या पाठीवरनं हात फिरवला. "न्हाई येणार. आले तर लोक इचार करत्याल, पोर नेली तिला भाऊ घरात कसा घेतो. दादा, चार माणसांदेखत मला बोल. मोठ्यानं बोल. तू माझ्यासंगं हळू बोलतोस, ती खोड सोड."

आईला काही सांगायचं नाही असं ठरलं. तिच्या पोटात गोष्ट राहत नसे.

चारच दिवसांनी नवऱ्यामुलाचा चुलता लग्नाच्या कापडांचं ठरवायला पाटणहून आला. सोप्यावर भावकीतली माणसं बसली होती. आत्या पुढं आली आणि म्हणाली, "हौशी लगीन करणार न्हाई. मी तिला शिकायला नेते." सगळे आबांकडं बघू लागले. ठरल्याप्रमाणे आबांनी ओरडायचं होतं. "अगं, असं कसं..." एवढंच पुटपुटले. चुलता तर थट्टा समजून हसू लागला. माझं धाबं दणाणलं. आता सगळं उघडं पडणार, असं वाटलं.

मग आत्या आपल्या ट्रंकेकडं गेली. आतलं पुस्तक काढलं, अंगणाच्या मध्यावर उभी राहिली आणि मोठ्यानं गाऊ लागली. इतक्या वर्षांत मी तिचं गाणं ऐकलं नव्हतं. आवाज चांगला होता. शेजारपाजारचे धावत आले. आई कपाळ बडवू लागली. आणि आबा उठले, असे ओरडले की गुरं दाव्याला हिसके देऊ लागली. "नीघ! पुन्हा ह्या उंबऱ्याला पाय लावलास तर तंगडं मोडीन!" चुलता पाणीही न पिता उठला. "असल्या घरची पोरगी आमास्नी नको," म्हणाला आणि चालता झाला. आत्या पुस्तक छातीशी धरून बाहेर पडली, तेव्हा कुणीतरी तिच्यावर शेण मारलं. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना मी घरातून निघाले. ती भिलवडी स्टेशनवर बसली होती, लुगड्यावरचा डाग तसाच होता.

दवाखान्यात मी जे पाहिलं त्यानं पहिले आठ दिवस मला जेवण गेलं नाही. बोटं नसलेले हात मला नमस्कार करायचे आणि मी पळत सुटायची. आत्यानं मला धीराच्या गोष्टी सांगितल्या नाहीत. "भिऊ नको म्हणणार न्हाई मी. भी. पर सुई घे." मी दोन वर्षं भीत भीत सुया घेतल्या. मे महिना आला की बाकीच्या नर्सा आपापल्या गावी जायच्या, आणि आत्या सगळ्यांच्या पाळ्या स्वतःवर घ्यायची. दुपारी माझ्याजवळ येऊन बसे आणि म्हणे, "नदीचं कायतरी सांग." मी सांगायची. तिच्याइतकं मलाही आठवत नसे. तीच मला दुरुस्त करायची.

चट्ट्यावर पीस कळू लागलं, तेव्हा डॉक्टरांनी बरी झाल्याचा कागद दिला. आत्यानं तो चुलीत घातला. मला पोचवायला आली, पण भिलवडीला डब्यातून उतरली नाही. फलाटावर आबा होते, आणि आमच्या गावचे दोन गाडीवानही. त्यांच्यादेखत बहिणीला काय विचारणार? आबा खिडकीपाशी गेले आणि शिव्या देऊ लागले. "माझ्या पोरीचं वाटुळं केलंस. तुझं तोंड बघाय नको मला." शिव्या देताना त्यांच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. आत्या खिडकीच्या गजाला कपाळ टेकून ऐकत होती. दोन वर्षांनी भावाचा आवाज ऐकत होती ती. गाडी हलली तरी आबा बरोबर चालत शिव्या देत राहिले. गाडीवानांनी त्यांना धरलं. "जाऊ द्या आबा, पोरगी आली न्हवं माघारी."

पोरगी मिशन सोडून परत आली, म्हणून गावानं माझं कौतुकच केलं. मला शुद्ध करून घेतलं. पुढं साताऱ्याला, पलटणीतून सुटून आलेल्या एका हवालदाराशी माझं लग्न झालं. बहिणींचीही चांगल्या घरी झाली. मी रोज आंघोळीला बसले की दंडाला टाचणी टोचून बघायची. पोरं झाली, मग त्यांचे कान बघू लागले. नवऱ्यानं कधी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. चाळीस वर्षं एका छपराखाली राहून मी त्या माणसाला भीत होते, आणि तो बिचारा साधा होता.

आत्या गेल्याचं पत्र आलं, तेव्हा मी दुसऱ्या बाळंतपणासाठी माहेरी होते. आबांनी ते वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि नदीवर आंघोळीला गेले. आई म्हणाली, "सुटली एकदाची. माझ्या पोरीला नासवाय निघाली हुती. व्हय का न्हाई गं?" माझ्या मांडीवर तान्हं होतं. धाकट्या बहिणीची सासू समोर बसली होती. मी म्हणाले, "व्हय."

आज आई नाही, आबा नाहीत, हवालदारही नाहीत. तरी हे लिहायला मी दाराला कडी घालून बसले आहे. मला कुणी फूस लावली नव्हती. मला महारोग झाला होता, आणि आत्यानं तो बरा केला. माझं सासर मला मिळावं म्हणून तिनं आपलं माहेर दिलं, आणि मी तिच्या नावानं 'व्हय' म्हणाले.