नदीतलं तिसरं जहाज

माझे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, नदीतला गाळ उपसणाऱ्या तराफ्यावर क्रेन चालवायचे. हात चालवण्यातही तेवढेच तरबेज. बारा वर्षांत त्यांनी दोघांचे जबडे मोडले, एका सुताराचा कान फाडला, आणि मला, सख्ख्या मेव्हण्याला, पंपाच्या खोलीत असं बुकललं की आठवडाभर घास चावता आला नाही. माझा गुन्हा एवढाच, की त्यांचा धाकटा भाऊ पळून गेला असं मी चारचौघांसारखं बोललो होतो.

हा धाकटा पाणबुड्या. सगळे त्याला डुबक्या म्हणत. तळाशी काय अडकलंय ते हाताने चाचपून सांगायचं, हे त्याचं काम. तो पाण्यात असला की कठड्याला लाल फडकं बांधलेलं असे, आणि ते सुटेपर्यंत दाजींच्या क्रेनची लोखंडी बादली खाली जात नसे. एका दुपारी नदीच्या वळणावर काम चालू असताना मुकादमाने फडकं सोडलं आणि म्हणाला, "डुबक्या वर आला, घरी गेला. उरक आता."

डुबक्या घरी पोचलाच नाही. तो दुसऱ्या बाईबरोबर गेला, अशी आवई मुकादमानेच उठवली. त्याची बायको गल्लीतून मान खाली घालून चालू लागली आणि दाजी माणसं झोडपू लागले. भावावर केवढा जीव, असं लोक म्हणायचे. मार खाऊनही मी तेच म्हणायचो, असा मी शहाणा.

आमच्या कामाची एक पद्धत होती. बादलीला काही कठीण लागलं तर ते वर आणायचं नाही, तिथल्या तिथे ठेचून भुगा करायचा. अख्खं काही वर आलं की सरकारी माणसं येतात, काम थांबतं आणि आम्ही घरी बसतो. जुन्या धक्क्याचे खांब असतील, असं आम्ही धरून चाललो होतो. ठेचण्यात दाजींचा हात धरणारा कुणी नव्हता.

यंदा पुलाच्या पायासाठी त्याच वळणावर लोखंडी पत्रे ठोकून नदीचा एक तुकडा कोरडा केला. पाणी उतरलं आणि गाळात तीन जहाजं दिसली, एकमेकांना खेटून, शेकडो वर्षांची. उत्खनन करणाऱ्या बाई आल्या आणि ब्रश घेऊन चिखलात बसल्या. पहिल्या दोन जहाजांत वल्ह्यांपाशी हाडं होती, कवट्यांवर कुऱ्हाडीचे घाव. माणसं बसल्या जागी कापली होती. बाई शांतपणे वहीत लिहीत होत्या.

तिसरं जहाज मधोमध ठेचलेलं होतं. "हे घाव जुने नाहीत," बाई म्हणाल्या. "दहा-पंधरा वर्षांचे असतील. कुणी मोडलं हे?" बोलता बोलता त्यांनी एक फळी उचलली. खाली शिशाच्या वजनांचा पट्टा, चेपलेली हवेची टाकी आणि बरगड्यांचा चुरा. टाकीवर मासा कोरलेला होता. तो डुबक्याने माझ्यासमोर खिळ्याने कोरला होता.

मुकादम दाजींच्या कानाशी लागला. मी शेजारीच उभा होतो.

"टाकी मी ट्रकात टाकतो. हाडं जुन्या हाडांत खपून जातील. गप्प राहा, दोघेही सुटू."

दाजींनी डोक्यावरचं हेल्मेट काढून त्याच्या तोंडावर हाणलं. तो पडला तरी हाणत राहिले. नाक फुटलं, दात चिखलात पडले, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. चौघांनी ओढलं तेव्हा ते थांबले आणि बाईंकडे वळून म्हणाले, "जहाज मी मोडलं. आत माझा भाऊ आहे."

पोलीस येण्याआधी ते भावजयीकडे गेले. मी मागोमाग. ती शिलाई मशीनवर बसली होती. दाजींनी दारातच सगळं सांगितलं.

"म्हणजे ते कुठे गेलेच नव्हते," ती म्हणाली. मग उठली, मशीनचं लाकडी झाकण दोन्ही हातांनी उचललं आणि दाजींना मारू लागली. खांद्यावर, कानावर, तोंडावर. कुणाची चापट कधी उधार न ठेवणारा माणूस हात खाली सोडून उभा होता. भुवई फाटून डोळ्यात रक्त उतरलं. मी मध्ये पडलो नाही.

दमून ती खाली बसली.

"भाऊजी, बादली टाकलीत तेव्हा तुम्हाला कळलं होतं?"

"लाकूड नाही, एवढं कळलं होतं," दाजी म्हणाले. "मग आणखी दोनदा टाकली."