जगनभाऊंचा लोड किती?

"त्या जगनला बदल. आजच क्लायंटला मेल टाक," देसाई सर फोनवर म्हणाले. "काम सगळ्यात कमी आणि उशीर सगळ्यात जास्त. असल्या माणसाला नवीन गोडाऊनचा इनचार्ज करायचं?"

देसाई सर माझे बॉस. माझ्यासमोर कॉम्प्युटरवर सगळ्यांच्या कामाचं शीट उघडं होतं आणि शीट त्यांच्याच बाजूने बोलत होतं. जगनभाऊंच्या नावापुढे तीन आठवडे नुसता हिरवा रंग. हिरवा म्हणजे माणूस मोकळा आहे. मी मेल टाकला. इनचार्जसाठी त्यांचं नाव महिन्यापूर्वी मीच सुचवलं होतं आणि आता मीच ते मागे घेतलं. जेवण गेलं नाही त्या दुपारी.

मी प्रोजेक्ट मॅनेजर आहे. म्हणजे नेमकं काय करतेस, असं माझ्या सासूबाई अजून विचारतात. मी खोकं उचलत नाही, कोणी कुठलं खोकं कधी उचलायचं ते ठरवते. त्या वेळी मिक्सर-कुकरच्या एका कंपनीचा, म्हणजे आमच्या क्लायंटचा, माल जुन्या गाळ्यातून जवळच्याच पूर्णा गावातल्या नवीन गोडाऊनला हलवायचा होता. गाळा म्हणजे आमच्या भिवंडीत गोडाऊनचा एक भाग. सहा आठवडे हातात होते आणि तेवढ्यात रोजचा धंदा बंद ठेवायचा नव्हता. घरात राहून घराला रंग काढतात ना, तसलं काम.

अशा कामात एक गोष्ट सतत बघावी लागते. कोणाच्या डोक्यावर किती काम आहे? ज्याचे हात भरलेत त्याचं काढून मोकळ्या माणसाकडे द्यायचं. याला आम्ही रिसोर्स लेव्हलिंग म्हणतो. नाव भारदस्त आहे, पण चार जावांच्या घरात हे रोज चालतं.

माझी पद्धत सोपी होती. रोज सकाळी दहाला प्रत्येकाला फोन करायचा आणि विचारायचं, "लोड किती?" उत्तर एक ते पाच. एक म्हणजे निवांत, पाच म्हणजे नाकातोंडात पाणी. आकडा टाकला की शीट आपोआप रंग बदलायचं. मला त्या शीटचा फार अभिमान होता.

फरहीन नवीन गोडाऊनला बसून मालाचे लेबल आणि कॉम्प्युटर एन्ट्री बघायची. तिचं उत्तर ठरलेलं. "चार, मॅडम." जगनभाऊ जुन्या गाळ्याचे सुपरवायझर, खारबावचे, नऊ वर्षं तिथेच. त्यांचं उत्तर कधी "एक", कधी "दोन". एकदा तर म्हणाले, "आज झिरो, म्याडम." झिरो माझ्या यादीत नव्हताच. मला वाटलं, वा, किती प्रामाणिक माणूस! त्याच दिवशी फरहीनची रॅकमोजणी काढून त्यांच्याकडे दिली. पुढच्या आठवड्यात नवीन पोरांचं ट्रेनिंगही दिलं. ते नुसतं "हाय, करतो" म्हणाले.

आणि मग कामं राहायला लागली. मोजणी अर्धवट, ट्रेनिंग पुढे ढकललेलं. मी विचारलं की एकच उत्तर, "होतंय, म्याडम." मला राग यायचा. मोकळा माणूस आणि काम होत नाही म्हणजे काय?

मेल टाकला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी जुन्या गाळ्यावर गेले. नऊ वर्षं राबलेल्या माणसाला अशी बातमी फोनवर द्यायची नसते, एवढी लाज मला होती. दहा वाजत आले होते. दारात दोन ट्रक मागची फळी उघडून उभे. हमाल खोकी चढवत होते आणि जगनभाऊ हातात मालाचं चलन घेऊन ती मोजत होते. कानामागे पेन्सिल, डोळे लाल. मी बातमी सांगायला पुढे झाले. पण सवयीने तोंडातून तेच निघालं.

"जगनभाऊ, आज लोड किती?"

त्यांनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं. मग पेन्सिलने ट्रककडे दाखवलं.

"हे काय, समोरच हायेत. दोन."

मी ट्रककडे पाहिलं. पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं.

"अहो, गाड्या नाही. कामाचा लोड विचारतेय."

"कामाचा? त्यो तुमी कवा इचारला?"

भिवंडीत लोड म्हणजे गाडी. भरायला लागलेली गाडी. ट्रकवाल्याला विचारा, हमालाला विचारा, नाक्यावरच्या चहावाल्याला विचारा. मी इथल्याच शेलार गावात वाढलेली मुलगी. "लोड लागलाय, बाजूने जा" हे वाक्य ऐकत शाळेत गेले. आणि एमबीए करून आले तर या शब्दाचा मला नवीनच अर्थ कळायला लागला. कर्म माझं!

"आणि त्या दिवशी झिरो म्हणालात?"

"त्या दिशी गाडीच न्हाय आली. सगला माल आत साचला. तेच्यात मोजनी आली. जीव गेला त्या दिशी."

म्हणजे सगळ्यात वाईट दिवस माझ्या शीटवर सगळ्यात हिरवा होता. एक ते पाचचा अर्थ मी पहिल्या मीटिंगमध्ये पडद्यावर दाखवला होता. त्या मीटिंगला जगनभाऊ आलेच नव्हते. गाडी भरत होते.

"एवढं काम झालं तर बोलायचं नाही का हो?" मी जवळजवळ ओरडलेच.

ते शांतपणे म्हणाले, "तुमी रोज फोन करून इचारता ना. घरी पन सांगतो मी, आमची म्याडम रोज गाड्या इचारते, पयल्या सायबांनी कदी इचारल्या न्हाय. मला वाटलं, तुमाला सगला ठावं हाय."

मला तिथे उभं राहवेना. रडू येत होतं आणि ट्रकवाले बघत होते. मी त्यांना मेलचं सांगितलं. सांगायलाच हवं होतं. त्यांनी चलन घडी करून खिशात ठेवलं आणि हमालांना म्हणाले, "चला रे, दुसरी घ्या."

गाडीत बसून मी सरांना फोन लावला.

"सर, कालचा मेल चुकीचा आहे. जगनभाऊंकडे तीन माणसांचं काम होतं आणि ते मीच दिलं होतं."

"काल काढतेस, आज ठेवतेस? क्लायंटला मी काय सांगू?"

"सांगा, आमच्या मॅनेजरबाईंना मराठी येत नाही."

सर हसले नाहीत. पण कटओव्हर, म्हणजे जुनं बंद करून नवीन सुरू करायचा दिवस, चार दिवस पुढे ढकलायला तयार झाले. मोजणी मी परत फरहीनकडे नेली. तिला विचारलं, "तुझा चार तरी खरा होता का?"

"सच बोलूँ मॅडम? तीन बोलती तो आप काम देतीं. पाँच बोलती तो मीटिंग बुलातीं. इसलिए चार."

म्हणजे माझ्या त्या लाडक्या शीटमध्ये खरा आकडा एकही नव्हता. ट्रेनिंग मी स्वतः घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा खोकी उचलली आणि दोन दिवस कंबर धरून बसले.

माल नवीन तारखेच्या आत हलला. एकही कुकर फुटला नाही. पण मेल पोचला होता. क्लायंटने तोवर दुसऱ्या माणसाचं नाव पक्कं केलं होतं आणि ते बदलायला नकार दिला. जगनभाऊ पूर्ण्याला गेले ते सुपरवायझर म्हणूनच. नऊ वर्षांनी आलेली संधी माझ्या एका शब्दाने गेली. मी माफी मागितली तर म्हणाले, "जाऊ द्या म्याडम, चुकून झाला." त्यांनी सोडून दिलं. मला अजून ते सोडता आलेलं नाही.

आता मी लोड विचारत नाही. शीटमध्ये तो रकानाच ठेवलेला नाही. त्याऐवजी विचारते, "काल घरी किती वाजता पोचलात?" या प्रश्नाचा भिवंडीत एकच अर्थ होतो. पहिल्या दिवशी जगनभाऊ म्हणाले, "सात वाजता." मी "बरं" म्हणून लिहून घेतलं. फोन ठेवणार होते, पण आता शिकले होते.

"संध्याकाळचे ना?" मी विचारलं.

"हाय, म्याडम," ते हसले. "आता संध्याकालचे."